माव्याचा बंदोबस्त आणि फवाऱ्याची घाई

माघाचा उत्तरार्ध लागला, चंबळच्या खोऱ्यापासून ग्वाल्हेरच्या वेशीपर्यंत पसरलेल्या मोहरीच्या शेतांतील पिवळा बहर ओसरून शेंगा भरू लागल्या आणि दुपारच्या उन्हाला किंचित धार आली, म्हणजे या शहराच्या हवेत बारीक, काळपट-हिरव्या, पंखवाल्या किड्यांचे थवे तरंगू लागतात. स्कूटरवरून जाणाऱ्यांच्या डोळ्यांत ते शिरतात, दोरीवर वाळत घातलेल्या पिवळ्या वस्त्रांवर शेकड्यांनी बसतात, महाराज बाड्याच्या गर्दीतून चालणाऱ्यांच्या सदऱ्यांना चिकटतात, आणि काही दिवस सर्व शहराला सतावून फाल्गुनाचे ऊन तापताच आल्या वाटेने नाहीसे होतात. येथील हिंदी बोलणारे आपले शेजारी त्यांना माहू म्हणतात. आपण मावा म्हणतो. हा उपद्रव ग्वाल्हेरकरांच्या परिचयाचा असून त्याविषयी कोणी फारशी तक्रारही करीत नाही. परंतु बागेची हौस असलेली घरे, नव्या वसाहतींच्या सोसायट्या आणि उद्यानांचे कारभारी हे सर्व जण नेमक्या याच पंधरवड्यात औषधाचा पंप बाहेर काढतात, आणि कोणता किडा कोणत्या झाडावर बसला आहे याची काहीएक विचारपूस न करता गुलाबापासून तुळशीपर्यंत सगळी बाग विषाने न्हाऊ घालतात, ही गोष्ट मात्र मुकाट्याने पाहत राहावी अशी नाही. या घाईला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि तो कोणत्या आधारावर आहे हे काहीशा विस्ताराने मांडणे मला अगत्याचे वाटते.

पहिली गोष्ट अशी की, रस्त्यावर आपल्या अंगावर बसणारा मावा आणि आपल्या गुलाबाच्या कळीला चिकटलेला मावा हे एकाच कुळातले असले तरी एक नव्हेत. मोहरीवरचा मावा आपल्या आहाराच्या बाबतीत अत्यंत चोखंदळ आहे. मोहरी, मुळा, सलगम, कोबी, फुलकोबी आणि त्याच कुळातील काही हिवाळी फुलझाडे एवढ्यांवरच त्याचा निर्वाह चालतो. गुलाब, शेवंती, जास्वंद किंवा वालाचा वेल यांचा रस त्याला मानवत नाही. मोहरीचे पीक पिकू लागले, त्याच्या देठांतील रस आटला आणि एकेका तुऱ्यावर दाटी झाली, की त्याच्या पुढील पिढीला पंख फुटतात आणि ती नव्या आसऱ्याच्या शोधात वाऱ्यावर स्वार होते. पिवळ्या रंगाकडे उतरण्याची या किड्याला उपजत ओढ असल्यामुळे पिवळे लुगडे त्याला हिरवळीसारखे भासते, इतकेच. तेथे काही मिळत नाही असे कळल्यावर तो पुन्हा उडतो किंवा तेथेच मरून पडतो. तेव्हा हवेत माहू दिसला म्हणून गुलाबावर औषध मारणे म्हणजे ज्याचा गुन्हा नाही त्याच्यावर जप्ती नेणे होय. परसात मुळा, कोबी किंवा भाजीसाठी मोहरी लावली असेल तर तिच्यावर नजर ठेवावी, कारण त्या वाफ्यावर तो खरोखरच मुक्काम करील. बाकीच्या बागेचा या थव्यांशी संबंध नाही.

गुलाबाचा मावा निराळा, शेवंतीचा काळसर मावा निराळा, वाल-पावट्याच्या कोवळ्या शेंड्यांवर दाटणारा तकतकीत काळा मावा आणखी निराळा, आणि कण्हेरीच्या किंवा रुईच्या शेंड्यावर बसणारा, काळ्या पायांचा झगझगीत पिवळा मावा तर पाहताक्षणी ओळखू यावा असा. या सर्वांची शरीररचना मात्र सारखीच असून ती एकदा नीट पाहून ठेवली म्हणजे पुन्हा फसगत होत नाही. सकाळच्या उन्हात गुलाबाची एक न उमललेली कळी बोटांत धरून तिच्या देठाकडे, हिरव्या पाकळ्यांच्या खालच्या अंगाला, भिंगातून पाहावे. दोन-तीन मिलिमीटर लांबीची, नासपतीच्या आकाराची मऊ शरीरे डोके खाली आणि पाठ वर करून एकमेकांना खेटून बसलेली दिसतील. प्रत्येकाच्या पार्श्वभागी दोन बारीक नळ्या मागे रोखलेल्या असतील, आणि ही नळ्यांची जोडी हीच माव्याची निर्विवाद खूण होय. त्यांच्यामध्ये विखुरलेली पांढरी, पोकळ, धुळीसारखी दिसणारी साले म्हणजे त्यांनी वाढीच्या ओघात टाकलेल्या काती असतात; पुष्कळ लोक त्यांनाच बुरशी समजून बुरशीचे औषध मारतात. कळीला हलका धक्का दिला तर हे प्राणी उडी मारीत नाहीत, सोंड देठात रुतलेली असल्यामुळे जागचे हलण्यासही त्यांना वेळ लागतो. धक्क्यासरशी तिरपे उडतात ते तुडतुडे. पान हलवताच पिठाच्या कणांसारखे भुरकन उठतात ती पांढरी माशी. कापसाच्या बोळ्यासारखे पांढरे पुंजके जास्वंदीच्या बेचक्यांत बसतात ते पिठ्या ढेकूण. आणि उन्हाळ्यात पानांच्या पाठीवर बारीक जाळी विणतात ते लाल कोळी. यांतील प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

माव्याची सोंड झाडाच्या त्या सूक्ष्म नलिकांत जाऊन पोचते, ज्यांतून पानात तयार झालेली साखर शेंड्याकडे आणि मुळांकडे वाहत असते. त्या रसात साखर मुबलक आणि शरीर बांधणारी द्रव्ये अत्यल्प, यामुळे पुरेसे पोषण मिळवण्यासाठी त्याला बेसुमार रस प्यावा लागतो, आणि नको असलेली साखर तो मधासारख्या चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. ज्वारीच्या पानांवर पडणारा हा चिकटा महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना चांगला माहीत आहे. ग्वाल्हेरच्या बागेत तो खालच्या पानांवर वार्निश लावल्यासारखा चकाकतो, त्याच्यावर काळी बुरशी चढते, आणि तो गोळा करण्यासाठी मुंग्यांची रांग खोडावरून वर-खाली सुरू होते. या मुंग्या केवळ गोडाच्या लोभाने आलेल्या नसतात. त्या माव्याची राखण करतात, त्याच्या शत्रूंना हुसकून लावतात. म्हणून गुलाबाच्या खोडावर मुंग्यांची वर्दळ दिसली तर प्रथम शेंडा तपासावा; तेथे मावा असण्याचा संभव फार मोठा असतो.

या क्षुद्र जीवाची खरी शक्ती त्याच्या प्रजननात आहे. जिनिव्हा येथील शार्ल बोने या अवघ्या वीस वर्षांच्या तरुणाने १७४० साली माव्याचे एक नुकतेच जन्मलेले पिल्लू एका फांदीवर, इतर सर्वांपासून पूर्णपणे विलग करून ठेवले, दररोज सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच्यावर पाळत ठेवली, आणि नराचा स्पर्शही न झालेल्या त्या मादीने तीन आठवड्यांत पंच्याण्णव पिल्ले दिल्याची नोंद केली. तत्कालीन विद्वज्जगाला हा निष्कर्ष धक्का देणारा होता. आज मात्र तो निर्विवाद मानला जातो. आपल्याकडील उबदार हवामानात माव्याच्या बहुतेक जातींना नराची आणि अंड्यांची गरज भासतच नाही: मादी जिवंत पिल्ले देते, त्या पिल्लांच्या उदरात पुढच्या पिढीची वाढ जन्मापूर्वीच सुरू झालेली असते, आणि आठ-दहा दिवसांत ती स्वतः प्रसूत होऊ लागतात. यावरून कोणी असे अनुमान काढील की इतक्या वेगाने वाढणाऱ्या किडीवर तितकेच जहाल औषध हवे. मला याच्या नेमके उलट वाटते. औषधातून वाचलेल्या चार-दोन माद्या दोन आठवड्यांत पुन्हा शेंडा भरून काढतात, आणि वारंवार त्याच औषधाला तोंड देणारी प्रजा त्याला दाद देईनाशी होते. परंतु ज्या कीटकांचे अन्नच मावा आहे, त्यांची पिढी तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात, आणि तेच या फवाऱ्यात प्रथम बळी पडतात. विषाचा हिशेब येथे बाग राखणाऱ्याच्या विरुद्ध जातो.

हे मित्रकीटक ओळखणे माव्याला ओळखण्याइतकेच आवश्यक आहे, आणि दुर्दैवाने आपल्या शाळांतून व घरांतून ते कोणी शिकवीत नाही. लाल पाठीवर सात काळे ठिपके असलेला ढालकिडा सर्वांना आवडतो. परंतु त्याची अळी, जी राखी-काळी, लांबट, सहा पायांची आणि अंगावर नारिंगी ठिपके असलेली असते, ती लोकांना ओंगळ वाटते आणि तिलाच ते किडीचे मूळ समजून चिरडतात. वस्तुतः ही अळी दिवसाकाठी कित्येक डझन मावे फस्त करते. सिरफिड माशी मधमाशीसारखी पट्टेदार दिसते आणि फुलासमोर हवेत स्थिर तरंगते; तिची पाय नसलेली, पारदर्शक, हिरवट अळी माव्यांच्या दाटीत फिरून एकेकाला उचलून शोषून घेते. क्रायसोपाचे हिरवे, जाळीदार पंखांचे पतंग रात्री दिव्यावर येतात, आणि त्यांची अंडी केसासारख्या देठांवर पानाला टांगलेली असतात. पण या सर्वांहून विलक्षण काम करते ती एक गांधीलमाशीच्या गणातील, डोळ्याला जेमतेम दिसणारी परोपजीवी माशी. ती माव्याच्या जिवंत शरीरात एक अंडे घालते. आतील अळी त्याला आतून खाऊन पोकळ करते. आणि मावा राजगिऱ्याच्या लाहीप्रमाणे फुगून, तांबूस-बदामी, कागदी होऊन पानाला चिकटून राहतो. काही दिवसांनी त्याच्या पाठीला अगदी गोल, जणू कंपासाने आखलेले भोक पडते आणि त्यातून नवी माशी बाहेर येते. ज्या शेंड्यावर अशी फुगलेली बदामी शरीरे दिसू लागली, त्या शेंड्यावरील माव्याचा निकाल लागत आला आहे असे समजावे आणि पंप जागेवर ठेवून द्यावा. त्या दिवशी केलेली फवारणी ही शत्रूला मिळालेली मदत ठरते.

हा केवळ निसर्गप्रेमी मनाचा भाबडा आशावाद आहे, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी महाराष्ट्रातील उसाचा इतिहास आठवावा. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांच्या पाठीवर पांढऱ्या लोकरीचे थर दिसू लागले, आणि पाहता पाहता लोकरी मावा पश्चिम महाराष्ट्रातील आणि उत्तर कर्नाटकातील ऊसक्षेत्रावर पसरला. पाने चिकट आणि काळी पडली, उसाचे वजन व साखर घटली, आणि गावोगाव फवारणीची धांदल उडाली. परंतु माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, एकमेकांत गुंतलेल्या उसात शिरून पानांच्या खालच्या बाजूवर औषध पोचवणे हे मुळातच दुष्कर होते. ज्या फडात ते पोचले तेथे त्याने मित्रकीटकांचाही संहार केला. शेवटी मार्ग निघाला तो डिफा नावाच्या एका पतंगाच्या मावाभक्षक अळीमुळे आणि मायक्रोमस नावाच्या कीटकामुळे. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, बंगळूरची जैविक नियंत्रणाची राष्ट्रीय संस्था, कृषी विद्यापीठे आणि साखर कारखाने यांनी उसाच्या ओळींवर जाळ्या टाकून डिफाची पैदास केली, अळ्या-कोष असलेली पाने शेतकऱ्यांना वाटली, आणि पुढे ईशान्य भारतातून आणलेली एनकार्शिया ही परोपजीवी माशीही सोडण्यात आली. काही हंगामांत लोकरी माव्याचा जोर मोडला. ज्या शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न टांगणीला लागले होते, त्याने कीटकाच्या भरवशावर फवारा थांबवला. आपल्या अंगणातील चार कुंड्यांसाठी आपल्याला तेवढा धीर धरता येऊ नये, याचे मला फार वाईट वाटते.

आणि मोहरीच्या शेतकऱ्यालाही शास्त्र पहिला मावा दिसताच फवारा असे सांगत नाही. आपल्या शेजारीच भरतपूरजवळ सेवर येथे राई-मोहरी संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. या पिकासाठी रूढ असलेली शिफारस अशी की मोहरी ऑक्टोबरात वेळेवर पेरावी, म्हणजे मावा वाढण्यापूर्वी बहर आटोपतो. आणि शेतातील दहा टक्के झाडांवर मावा चढेपर्यंत, तोही झाडागणिक साधारण पंचवीस-तीसपर्यंत पोचेपर्यंत, औषधाचा विचार करू नये. केलाच तर मधमाश्या परतल्यानंतर, दिवस कलता असताना करावा. ही शेवटची अट आपल्या मुलखाला विशेष लागू आहे. मुरैना-भिंडाकडील मोहरीचा मध दूरदूर जातो, हिवाळ्यात मधपेट्या शेतांच्या बांधांवर ओळीने मांडलेल्या असतात, आणि मोहरीच्या शेंगा भरण्यातही या माश्यांचा वाटा असतो. शहरातील एका सोसायटीच्या उद्यानात, भर दहा वाजता, फुललेल्या झाडांवर मारलेले औषध त्या माश्यांच्या पोटात जाते, हे फवारा धरणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

फवारा धरणारा माणूसही येथे विसरून चालणार नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले, ही घटना महाराष्ट्राच्या स्मरणात अद्याप ताजी आहे. आपल्या बागेत येणारा माळी तोंडाला गमछा गुंडाळून, उघड्या हातांनी बादलीत औषध ढवळतो, आणि आपण व्हरांड्यातून त्याला कोपऱ्यातली कुंडी दाखवतो. त्याच्या फुप्फुसांची जबाबदारी आपल्यावर आहे असे आपल्याला वाटत नाही, ही लज्जेची बाब आहे. घरोघरी कपाटात पडलेल्या बाटल्यांची तर तपासणीच व्हायला हवी. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ पासून मनाई आहे. डायक्लोर्व्हॉस, ज्याची बाटली एके काळी घराघरांत होती, ते ३१ डिसेंबर २०२० पासून देशात पूर्णपणे बंद आहे. अधिकृत कीटकनाशकाच्या वेष्टनावर रंगीत त्रिकोण छापलेला असतो: लाल म्हणजे अत्यंत जहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाच्या औषधाला घरगुती बागेत कोणत्याही सबबीवर स्थान नसावे. ज्या औषधाला वेष्टन नाही, जे मोठ्या डब्यातून शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून सुटे विकले जाते, त्याची विक्री बेकायदेशीर आहे. ते घेणाऱ्याने आपल्या घरातील मुलांचा विचार करावा.

मग करावे काय? प्रथम पाणी. नळीच्या तोंडावर अंगठा दाबून जोराची धार कळ्यांच्या खालून वर मारली तर बहुतेक मावा जमिनीवर पडतो, आणि रुतलेली सोंड तुटल्यामुळे किंवा वाट चुकल्यामुळे त्यातील थोडेच परत चढतात. हे सकाळी करावे, म्हणजे पाने सायंकाळपर्यंत वाळतात. दोन-तीन दिवसांच्या अंतराने आठवडाभर केले तर गुलाबाला बहुधा दुसरे काही लागत नाही. शेंडा पार भरून वाकडा झाला असेल तर तो नखाने खुडून साबणाच्या पाण्यात बुडवावा. त्यानेही भागले नाही तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर सौम्य द्रव साबण मिसळून, आधी एका पानावर चोवीस तास परीक्षा घेऊन, सायंकाळी पानांच्या पाठीवर फवारावे आणि सकाळी साध्या पाण्याने धुवावे. कपड्यांची प्रखर धुलाई पावडर यासाठी वापरू नये, तिने पाने करपतात. साबण केवळ ज्या शरीराला लागतो त्यालाच मारतो आणि वाळल्यावर निष्प्रभ होतो, हाच त्याचा मोठा गुण होय. उद्या येणाऱ्या ढालकिड्याला तो बाधत नाही.

निंबोळी अर्काविषयी मला विशेष आस्था आहे, कारण ग्वाल्हेरसारख्या कडुनिंबाच्या शहरात तो विकत घ्यावा लागणे ही आपल्या आळसाची साक्ष होय. आषाढाच्या तोंडाला रस्तोरस्ती निंबोळ्यांचा सडा पडतो आणि झाडूखाली जातो. त्या वेचून, गर धुवून, बिया सावलीत खडखडीत वाळवून ठेवल्या तर वर्षभर पुरतात. पन्नास ग्रॅम बिया जाडसर कुटून फडक्यात बांधाव्या, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्या, सकाळी पुरचुंडी पिळून पाणी दुधाळ झाले की गाळून त्यात साबणाचे थोडे थेंब टाकावे, आणि त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर वापरावे. उन्हाने त्यातील सत्त्व नष्ट होते. मुंग्यांसाठी खोडाला चिंधीची पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस लावावे, म्हणजे राखणदार खालीच राहतात आणि मित्रकीटकांना मोकळीक मिळते. पिवळे चिकट सापळे बाजारात सर्रास मिळतात, परंतु त्यांच्यावर ढालकिडे आणि परोपजीवी माश्याही चिकटतात. म्हणून एखादा टांगावा तो माव्याच्या आगमनाची खबर मिळण्यापुरता, उपाय म्हणून नव्हे. कण्हेरीवरचा पिवळा मावा तर मुळीच छेडू नये. त्याने कण्हेर मरत नाही, आणि परोपजीवी माश्यांना तेथे आयते खाद्य मिळते.

एका बाबतीत मात्र मी कठोर होण्याचा सल्ला देईन. पपई, मिरची, काकडी यांची पाने पिवळी-हिरवी चित्रविचित्र होऊन आकसू लागली, तर तो माव्याने आणलेला विषाणू असण्याचा संभव मोठा असतो. काही क्षणांच्या सोंडेच्या टोचणीने तो एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, इतक्या अल्प अवधीत कोणतेही औषध माव्याला रोखू शकत नाही, आणि झाडात शिरलेल्या विषाणूला उतारा नाही. असे झाड ममता बाजूला ठेवून मुळासकट उपटावे.

प्रतिबंधाचा विचार हंगामाच्या आधी, दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास, करावा लागतो. गुलाबाची छाटणी झाली की मूठमूठ युरिया टाकून भराभर फूट काढण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्या नत्राने फुगलेली लुसलुशीत पालवी ही माव्याला दिलेली मेजवानी असते. चांगले कुजलेले शेणखत सावकाश आणि बेताने पोसते, फूट घट्ट येते. रोपवाटिकेतून आणलेली कुंडी आठवडाभर बाजूला ठेवून, पानांच्या पाठी तपासून मगच इतरांत मिसळावी. परसातील कोथिंबिरीचा वाफा सगळा खुडून न संपवता त्यातील थोडी झाडे आणि बडीशेपेची एखादी ओळ फुलावर जाऊ द्यावी. सिरफिड माशी आणि परोपजीवी माशी यांचे प्रौढ कीटक त्या बारीक फुलांच्या मधावर जगतात, आणि जेथे त्यांना मध मिळतो तेथेच त्या अंडी घालण्यास थांबतात. कोबीच्या वाफ्याभोवती मोहरीची एक ओळ पेरली तर मावा प्रथम तिच्यावर उतरतो, आणि त्याच्या मागोमाग त्याचे शत्रूही. चैत्र लागून पारा पस्तिसाच्या पुढे गेला की माव्याची वाढ आपोआप खुंटते. म्हणजे ग्वाल्हेरच्या बागवानाला जे निभवायचे आहे ते जेमतेम दोन महिने.

हे सर्व एकेका घरापुरते राहिले तर त्याचा उपयोग मर्यादित आहे, कारण शेजारच्या उद्यानात विष पडत असेल तर आपल्या कुंपणाच्या आतील ढालकिडे फार काळ टिकत नाहीत. या शहराला बागांची परंपरा आहे. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या लष्कर भागातील जुन्या वाड्यांत तुळशीवृंदावनाशेजारी जास्वंद आणि पारिजात हटकून असत. माधवराव महाराजांच्या कारकिर्दीत १९२२ मध्ये खुली झालेली फुलबाग आजही आबालवृद्धांचे विश्रांतिस्थान आहे. २००८ पासून राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालय याच शहरात आहे. माझी तजवीज साधी आहे. विश्वविद्यालयातील कीटकशास्त्रज्ञांनी दर वर्षी मकरसंक्रांतीच्या सुमारास शहरवासीयांसाठी एक पानाचे सचित्र पत्रक काढावे, त्यात माव्याइतकीच ठळक चित्रे ढालकिड्याच्या अळीची आणि त्या फुगलेल्या बदामी शरीरांची असावीत, आणि ते हिंदीबरोबर मराठीतही असावे. मराठी मंडळांनी ते वाटण्याचे काम अंगावर घ्यावे. सार्वजनिक उद्यानांत तारीखवार ठरलेली फवारणी बंद करून, झाड पाहून निर्णय घेण्याचा अधिकार आणि त्यासाठी लागणारे शिक्षण माळ्यांना द्यावे. सुट्या बाटलीतील विक्रीवर संबंधित खात्याने संक्रांतीपूर्वीच दुकाने तपासून कारवाई करावी. आणि जेथे औषध मारणे खरोखरच अटळ ठरेल, तेथे फाटकावर पाटी लावणे सक्तीचे करावे: औषधाचे नाव, फवारल्याची तारीख, आणि किती दिवस फुले तोडू नयेत, एवढे तीन तपशील त्या पाटीवर असले, तरी पहाटे देवपूजेसाठी परडी घेऊन येणाऱ्या आजींना आपण घरी काय नेत आहोत हे कळेल.